मुक्काम पोस्ट मसाई मारा, व्हाया कुठूनही

मुंबई ते नैरोबी हे अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर. थेट विमान ते सहा तासांत कापतं. कोकणकन्या एक्स्प्रेसला मुंबईहून सावंतवाडी गाठायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर सहा तासांत माणगाव आलं तर लोक घरी फोन करून आनंदाची बातमी कळवतात. तेव्हा आफ्रिकेची सफारी हा आपल्यापुरता तरी लांब पल्ल्याचा प्रवास नाहीच. तो लांब करावा लागतो. त्यासाठी चिकाटी लागते, रात्रीची जागरणं लागतात आणि घरात एक्सेल येणारा निदान एक माणूस लागतो.

आमच्याकडे हे खातं साडूभाऊंकडे आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्यांच्यातला अधिकारी मोकाट सुटलाय. मसाई मारा त्यांनी चहाचा कप बशीत टेकायच्या आत ठरवून टाकलं. "जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्ट नदी ओलांडतात. सप्टेंबरात जाऊ." झालं. कॅम्प कुठला, नदीपासून किती लांब, गाइड कोण, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता मुख्य प्रश्न. विमान कुठलं?" हा मुख्य प्रश्न सुटेपर्यंत तिकडे दहा लाखांवर विल्डबीस्ट सेरेंगेटीतून चरत चरत केनियाच्या हद्दीला येऊन लागले होते. त्यांच्याकडे एक्सेल नाही.

थेट विमानांच्या ओळी तक्त्यात पहिल्याच दिवशी लाल झाल्या. केनिया एअरवेज या मार्गावरची जुनी, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून इंडिगोही मुंबईहून नैरोबीला जाऊ लागली. इंडिगो बाद झाली, कारण "एवढं परदेशात जायचं आणि नागपूरला लग्नाला गेलो त्याच विमानात बसायचं?" केनिया एअरवेज बाद झाली ती ताईंच्या एका वाक्यानं. साडूभाऊंच्या सौभाग्यवती एरवी खणखणीत बोलतात. या वाक्याला मात्र त्यांनी आवाज खाली आणला. "आफ्रिकन आहे ना हो ती?"

या बाई पुढच्या काही महिन्यांत छत उघडलेल्या गाडीत बसून सिंहिणीपासून दहा पावलांवर सेल्फी काढणार होत्या. रात्री कापडी तंबूत झोपणार होत्या. त्या तंबूला कुलूप नसतं, चेन असते, आणि अंधार पडल्यावर त्याच्या आजूबाजूला पाणघोडे चरायला येतात. हा सगळा बंदोबस्त आफ्रिकन माणसांच्या हाती सोपवायला त्यांची काही हरकत नव्हती. विमान तेवढं नको. साडूभाऊंनीही गंभीरपणे मान डोलावली आणि "सेफ्टी" नावाच्या रकान्यात एक फुली मारली. त्या रकान्याला आधार काय, असं मी विचारलं. "जनरल इम्प्रेशन," ते म्हणाले.

इथिओपियन एअरलाइन्सलाही हीच फुली मिळाली. ही कंपनी १९४५ साली निघाली, पुढच्या वर्षी कैरोला उडू लागली आणि आज आफ्रिकेत सगळ्यात मोठी आहे. २०१२ साली ड्रीमलायनर तिच्याकडे आपल्या एअर इंडियाच्या आधी आलं होतं. हे सांगितलं तर ताई म्हणाल्या, "असेल, पण आपल्याला काय माहीत?" आता माहीत करून दिल्यावरही "काय माहीत" म्हणणाऱ्या माणसाला उत्तर नसतं. शिवाय अदिस अबाबाला थांबायचं म्हणजे एक वेगळाच घोळ, असं साडूभाऊंनी शोधून काढलं होतं. तिथले लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात वाजतात तेव्हा त्यांच्याकडे एक वाजलेला असतो. वर्षाला महिने तेरा, आणि सालाच्या बाबतीत ते आपल्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे. विमानतळावर आणि तिकिटावर जगाचंच घड्याळ चालतं, पण तोवर चर्चा हाताबाहेर गेली होती. पंचांगात दिवस सूर्योदयालाच सुरू होतो हे मान्य असणारी आमच्या घरची मंडळी "असं कसं घड्याळ?" म्हणून हळहळली. आमच्या हिला मात्र वय आठ वर्षांनी कमी होण्याची कल्पना आवडली होती. तिचं मत मोजलं गेलं नाही.

आपल्या लोकांची आणि नैरोबीची ओळख काही आजची नाही. १८९६ पासून पाच वर्षं मोंबासाहून आत जाणारी रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले गेले. ते गलबतांतून आणि बोटींतून गेले, आणि १८९८ साली साव्होच्या पुलापाशी दोन सिंहांनी त्यांच्यातल्या कित्येकांना रात्री तंबूतून ओढून नेलं. वन्यप्राण्यांचं इतकं जवळून दर्शन त्यांना फुकट घडलं. पुढे ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'करंजा' आणि 'कंपाला' या बोटी मुंबईहून मोंबासाला जात. १९५० साली एअर इंडियानं नैरोबीला सेवा सुरू केली, म्हणजे लंडनच्या पहिल्या उड्डाणानंतर दोनच वर्षांत. यांतल्या कुणी निघण्यापूर्वी चार महिने थांब्यांचा तौलनिक अभ्यास केल्याची नोंद सापडत नाही. पण तेव्हा लोक कामाला जात होते. कामाला जाणारा माणूस मिळेल त्या गाडीत बसतो. मजेसाठी जायचं तर त्रास नीट निवडून घ्यावा लागतो.

मग उरलं आखात. नैरोबी आपल्या नैऋत्येला आहे. तिकडे जाण्यासाठी आधी वायव्येला निघायचं, कतार किंवा अमिरातीत उतरायचं, तिथून विषुववृत्ताच्या पलीकडे खाली यायचं, ही योजना सर्वांना एकदम पटली. साडूभाऊंच्या नेदरलँड्सवासी भाच्यानं तर फोनवरून अॅमस्टरडॅम सुचवलं. तिथून केएलएमचं विमान किलिमांजारोला जातं, हे खरं आहे. मुंबईहून अॅमस्टरडॅम आणि तिथून टांझानिया म्हणजे अंतर सरळ तिप्पट होतं. वाशीच्या बाजारातून कांदे आणायला दादरहून नाशिकमार्गे निघावं तसं. तरीही या सूचनेवर दोन संध्याकाळी खर्च पडल्या, कारण त्यात "माइल्स भरपूर" होते.

माइल्सबद्दल थोडं सांगायला हवं. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं नेहमीच्या गिऱ्हाइकांना उडालेल्या मैलांचे गुण द्यायला सुरुवात केली, आणि माणूस जिथे जायचंय तिथे जाण्याऐवजी जिथून गुण मिळतात तिथून जाऊ लागला. साडूभाऊंकडे अशी कार्डं आहेत. त्यांतून त्यांना आजवर एक फुकट तिकीटही मिळालेलं नाही, पण एका कंपनीनं एकदा प्लास्टिकचा बॅगेचा टॅग पाठवला होता. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. तो ते बाजारच्या पिशवीलासुद्धा लावतात.

भाव बघण्याचं काम रात्री चाले. मंगळवारी मध्यरात्री तिकिटं स्वस्त होतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शिवाय संगणकाला आपण कोण हे कळू द्यायचं नाही, म्हणून ते ब्राउझरची गुप्त खिडकी उघडून, आणि का कोण जाणे, दिवाणखान्यातला दिवाही मालवून बसत. विमान कंपनीच्या संगणकाला पुण्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यात फारसा रस नसतो. एकाच इकॉनॉमी वर्गाच्या पोटात डझनभर भाव भरलेले असतात, प्रत्येकाला एकेक अक्षर, आणि स्वस्त अक्षराच्या जागा संपल्या की पुढचं अक्षर उघडतं. १९७८ साली अमेरिकेनं भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं आणि पुढच्या दशकात ही विद्या तिकडे पक्की झाली. तुमच्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं निम्मे पैसे दिलेले असतात, ते यामुळे. साडूभाऊ पहिल्या दिवशी जे तिकीट घेऊ शकले असते, ते त्यांनी रोज पाहिलं, रोज तक्त्यात भरलं आणि रोज महाग होताना पाहिलं. त्या आलेखाचं त्यांनी मला प्रिंटआउट दिलं. रेघ सुरेख चढली होती.

शेवटी तिकिटं निघाली ती आखातातल्या एका शहरातून. थेट विमानापेक्षा माणशी ४,२०० रुपये वाचले आणि मध्ये तेरा तासांचा थांबा मिळाला. सहा तासांचे बावीस झाले. पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

जेवणाची पसंती नोंदवताना एक लहानसा भूकंप झाला. ताई पक्क्या शाकाहारी. यादीत "हिंदू मील" दिसताच त्यांनी कृतार्थ मनानं त्यावर बोट ठेवलं. विमानाच्या जगात हिंदू मील म्हणजे सामिष जेवण. गोमांस नसतं एवढंच. चिकन किंवा मासे खुशाल असतात. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं तर "एशियन व्हेजिटेरियन" सांगावं लागतं, कांदा-लसूण नको तर जैन. धर्माची ही व्याख्या ऐकून ताईंना धक्का बसला, साडूभाऊंनी मात्र स्वतःपुरतं हिंदू मील घाईघाईनं कायम केलं. गोव्याकडच्या सारस्वत मित्राला हे सांगितलं तर त्याला यात खटकण्यासारखं काही दिसलंच नाही.

ताईंचा विमानातल्या कुठल्याच जेवणावर विश्वास नव्हता, त्यामुळे खाऊ बांधला गेला. चिवडा, शंकरपाळे, मेथीचे ठेपले, मेतकूट, लसणीची चटणी, कैरीचं लोणचं. लोणच्याची बरणी एका पिशवीत, ती पिशवी दुसरीत, ती तिसरीत, प्रत्येकीला रबर. केनियानं २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, आणि कायद्यात चाळीस लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद आहे, हे मी सांगून पाहिलं. "बंदी आपल्याकडेही आहे," ताई म्हणाल्या. हे बिनतोड होतं. महाराष्ट्रातली प्लास्टिकबंदी २०१८ सालची; ती आणली हे ज्या भाजीवाल्याकडून मी ऐकलं, त्यानं त्या दिवशीची कोथिंबीर मला पिशवीतूनच दिली होती. अखेर नैरोबीच्या विमानतळावर एका शांत बाईनं ताईंच्या बॅगेतून पिशव्यांची पिशवी बाहेर काढली. त्या एका पिशवीत आणखी पन्नासेक पिशव्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या. दुकानांची नावं वाचत वाचत त्या बाईनं ती लक्ष्मी रोडची सगळी बाजारपेठ टेबलावर मांडली. दंड वगैरे काही झाला नाही. तोंडी समज मिळाली आणि लोणचं मोकळं झालं.

पण तो नंतरचा भाग. निघायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या हिनं सहज विचारलं, "भाऊजी, त्या पिवळ्या तापाच्या इंजेक्शनचं काय?" तक्त्यात त्याला रकाना नव्हता. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं कार्ड दाखवावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. ही लस कुठल्याही डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवर, ठरलेल्या वारी मिळते. आणि कार्ड ग्राह्य धरलं जातं ते लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी. २०१६ पासून एकदा टोचलं की जन्मभर चालतं, पण एकदा तरी टोचावं लागतं. चार महिने विमानाच्या खुर्च्यांमधलं अंतर इंचात मोजणाऱ्या माणसानं मग बोटांवर दिवस मोजले. जायच्या तारखेपर्यंत दहा भरत नव्हते. परतीच्या तारखेपर्यंत भरत होते. "बघा," साडूभाऊ म्हणाले, "मी परतीचं तिकीट मुद्दाम उशिराचं घेतलं ते यासाठीच."

मधल्या विमानतळाचं वर्णन काय करावं? अत्तर, घड्याळं, सोन्याची बिस्किटं, खजुराचे डबे, आणि सगळीकडे असा उजेड की दिवस आहे की रात्र हे अदिस अबाबाच्या घड्याळालाही सांगता येऊ नये. पहिल्या चार तासांत कॉफी, सँडविच आणि पाण्याच्या बाटल्या यांत माणशी वाचलेले पैसे संपले. नऊ तास उरले. त्यांतले काही साडूभाऊंनी पाय पसरायला मिळणारी खुर्ची शोधण्यात घालवले. अशा एका खुर्चीवर कुणीतरी झोपलेलं होतं, तिच्यासमोर ते उभे राहिले, नुसते उभे. ताई गालिच्यावर पर्स उशाला घेऊन आडव्या झाल्या. मी खजुरांचे भाव रुपयांत करत बसलो.

आणि मग विल्सन. नैरोबीचं मोठं विमानतळ वेगळं. माराला जाणारी छोटी विमानं शहराला लागूनच असलेल्या विल्सनहून उडतात. फ्लोरेन्स विल्सन नावाच्या बाईनं १९२९ साली इथे विमान कंपनी काढली, तिचं नाव या धावपट्टीला मिळालंय. इथे माणशी सामान पंधरा किलो. हातातलं धरून. तेही मऊ बॅगेत, कारण या विमानाच्या पोटातला कप्पा अरुंद असतो आणि कडक सुटकेस त्यात दुमडत नाही. तक्त्यातल्या "सामान" या रकान्यात आमच्या कंपनीला हिरवा रंग मिळाला होता, तो माणशी सेहेचाळीस किलोंसाठी. सेहेचाळीस किलो आम्ही इमानेइतबारे भरून आणले होते, चाकांच्या सुटकेसींमध्ये.

काट्यामागचा तरुण हसला नाही. त्यानं एक गोणपाटासारखी पिशवी पुढे केली आणि सुटकेसींकडे पाहून कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे आमच्यासारख्यांच्या सुटकेसी आधीच रांगेत उभ्या होत्या. मग विल्सनच्या फरशीवर उकिडवं बसून दोन घरांनी निवड केली. दुर्बीण की चिवडा? स्वेटर की इस्त्री? होय, इस्त्री. आजूबाजूचे युरोपियन प्रवासी एकेक खांद्याची पिशवी घेऊन आमच्याकडे आदरानं पाहत होते. शेवटी चिवडा जिंकला; दुर्बीण गळ्यात घातली की तिचं वजन होत नाही, असं साडूभाऊंचं मत होतं आणि काट्यावरच्या तरुणानं त्याला हरकत घेतली नाही.

विमान म्हणजे सेस्ना कॅराव्हान. एकच इंजिन, एकच पंखा, डझनभर खुर्च्या, आणि पायलट आपल्यासमोर पाठमोरा बसलेला, हात लांब केला तर त्याच्या खांद्याला लागेल इतका जवळ. उडायच्या आधी त्यानंच मागे वळून दारं आणि पट्टे समजावून सांगितले. मारात हे विमान एकामागून एक मातीच्या पट्ट्यांवर उतरतं, दोघे उतरले, तिघे चढले, पुन्हा उडालं. एका पट्टीवर जीपवाल्यानं आधी झेब्रे हाकलले तेव्हा आम्हाला जमीन मिळाली. आता सांगायची गोष्ट अशी, की या विमानाच्या कंपनीचं नाव आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नाही. पायलट केनियन होता. ताई पुढच्याच खुर्चीत बसून त्याच्या डोक्यावरून व्हिडिओ काढत होत्या. सेफ्टीचा रकाना पुण्यातच राहिला होता. मातीच्या पट्टीवर उतरल्यावर साडूभाऊंनी पायलटला गाठून एकच प्रश्न विचारला: या उड्डाणाचे माइल्स कुठल्या खात्यात जमा होतात?

मारामध्ये जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला प्रवेशाचे दिवसाला दोनशे डॉलर पडतात, २०२४ पासून. म्हणजे सतरा हजार रुपयांच्या आसपास. दुपारी साडेतीनला गाडी निघाली, चारला नदीच्या वळणावर पोचली. समोरच्या काठावर विल्डबीस्टांची काळी गर्दी जमली होती, धूळ उडत होती, पुढची जनावरं पाण्याशी येत होती आणि मागे फिरत होती. गाइड कुजबुजला, "आता कुठल्याही क्षणी." त्या क्षणी आमच्या गाडीत दोन घोरण्याचे सूर लागलेले होते, एक मंद्र सप्तकात आणि एक थोडा वरचा. बावीस तासांचा प्रवास, वर पुण्याहून मुंबईची टॅक्सी. त्यांचा तरी काय दोष? पहिल्या उडीनंतर सुमारे पंधरा मिनिटं ती जनावरं पाण्यात कोसळत होती. साडूभाऊ मध्ये एकदा जागे झाले, "आलं का बोर्डिंग?" म्हणाले आणि पुन्हा झोपले. ४,२०० रुपयांच्या बचतीपोटी सतरा हजारांची झोप, हा हिशोब मी त्यांना अजून दाखवलेला नाही. एक्सेल मला येत नाही.

संध्याकाळी कॅम्पवर शेकोटीभोवती नागपूरचं एक जोडपं भेटलं. दोघं शाळेत शिक्षक, तरतरीत, सकाळी बिबट्या पाहून आलेले. त्यांनी बिबट्याचं वर्णन सुरू केलं. झाडाच्या फांदीवर अर्धं खाल्लेलं हरीण कसं लोंबत होतं, तेवढ्यावर ते आले असतील नसतील, साडूभाऊंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या एअरलाइननं आलात?"

"मुंबईहून डायरेक्ट. जे दिसलं ते काढून टाकलं हो, सुट्ट्या लागायच्या आधी."

"कितीला पडलं?"

त्यांनी आकडा सांगितला. तो आमच्या आकड्यापेक्षा तीन हजारांनी कमी होता. ताईंनी साडूभाऊंकडे पाहिलं. साडूभाऊंनी शेकोटीकडे पाहिलं, एक काटकी उचलून आत टाकली, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे मधलं एअरपोर्ट," ते म्हणाले, "तुम्ही पाहिलंच नाही?"